जाळीचं कॅबिनेट

आई, आधी कॅबिनेट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच तुला लागणार नाही. कॉम्प्युटरचा तो उभा डबा असतो ना, ज्याच्या पोटात सगळं सामान बसवलेलं असतं, त्याला दुकानात कॅबिनेट म्हणतात. शाळेच्या ऑफिसात तसा एक होता, पिवळट पडलेला. हेडमास्तर त्याच्यावर जेवणाचा डबा ठेवायचे, कारण तो कायम कोमट असायचा. तू पोरांच्या खिचडीचे तांदूळ घ्यायला ऑफिसात जायचीस तेव्हा मी तुझ्या मागून जाऊन त्याला हात लावायचे. तो कोमट का असतो, हे तेव्हा कुणाला विचारलं नाही. आता मला माहीत आहे, आणि हा सगळा उन्हाळा मी त्याच एका गोष्टीच्या मागे आहे: आतली उष्णता बाहेर कशी काढायची.

मी बारामतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. आपल्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदाच आला, आणि तात्यांनी तो बापाच्या तोऱ्यात दुसऱ्याच दिवशी इंदापूरला नेऊन लॅमिनेशन करून आणला. त्यानंतर काही काळ बारामतीत एका ऑफिसात नोकरी केली. आता मी स्वतःचं काम सुरू केलं आहे. इंदापूरची माझी एक मैत्रीण ड्रोन उडवते. ती उसावरून, मक्यावरून शेकड्यांनी फोटो काढते आणि ते एकमेकांना जोडून मी सगळ्या शिवाराचा एक सलग नकाशा करते. पीक कुठे दबलंय ते त्यात रंगावरून दिसतं. आपल्याकडे पाटाचं पाणी आलं, ऊस आला, आणि त्याच पाण्यानं जमिनी खारावून चोपण झाल्या, हे मी तुला सांगायला नको. आपला ओढ्याकडचा तुकडा तुझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडला. तात्या म्हणतात, "चोपण कुठं हाय ते डोळ्यानं दिसतंय की. त्याला इमान कशाला उडवायचं?" पण पांढरं दिसायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी पीक सांगत असतं, आणि ते वरून बघितलं तर कळतं. तेव्हाच पाणी निचरायला चर काढला तर जमीन वाचते. असा नकाशा एकट्या मोठ्या बागायतदाराकडेच नाही तर सगळ्यांकडे असावा, असं मला मनापासून वाटतं. वहिनी, म्हणजे दादाची बायको, मला त्यावरून "आल्या जमीन सुधारायला" म्हणून चिडवते. चिडवू दे.

अडचण एवढीच होती की फोटो जोडायचं काम कॉम्प्युटरला फार जड जातं. तासन्‌तास तो पूर्ण ताकदीनं राबतो. माझा लॅपटॉप दहा फोटोंत धापा टाकायला लागायचा. म्हणून स्वतः सुटं सामान घेऊन एक दणकट मशीन जुळवायचं आणि ते आपल्या पुढच्या खोलीत ठेवायचं, असं मी ठरवलं. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली आणि घरात तोंडं दोन दिशांना झाली. तात्यांचं म्हणणं सरळ होतं. "पदवी घेतली ती काय पत्र्याखाली बसायला? पुण्याला जा, गार हवंत बस, मान्सात ऱ्हा." मी म्हटलं, मला काम इथलं करायचंय, मग मी इथेच राहणार. तेव्हा ते म्हणाले, "तुज्या त्या डब्याला तरी हितं बसवंल का? वैशाखात हितं माणूस टिकंना." मग आमचं ठरलं. भर वैशाखात, आपल्या पत्र्याखाली, मशीन सकाळपासून दिवस मावळेपर्यंत न थांबता चाललं तर मी राहायचं. मध्येच बंद पडलं तर पुण्याला येते म्हणून कळवायचं. मी शब्द दिला. तुला माहीत आहे, तात्यांशी वाद घालता येतो, पण त्यांना शब्द दिला की तो ते वाळवणासारखा रोज बाहेर काढून बघतात.

तर बारामतीला कॅबिनेट आणायला मी आणि वहिनी गेलो. तू तिला पाहिलं नाहीस. भवानीनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली, आणि बोलण्यात कुणाला हार जात नाही. दुकानदारानं सगळ्यात आधी काचेची कॅबिनेटं पुढे मांडली. समोरून काच, बाजूनं काच, आत रंगीत दिवे गरगर फिरताहेत. "आता हाच माल चालतोय, मॅडम. सगळी पोरं हाच नेत्यात." वहिनी खाली वाकून आत बघत म्हणाली, "ह्यात मासं कवा सोडायचं?" दुकानदाराला हसावं की नाही ते कळेना. मी विचारलं, "पुढून काच आहे, तर पंखे हवा कुठून घेणार?" तो म्हणाला, "कडंच्या फटीतनं घेत्यात की." मी म्हटलं, "तुमच्या तोंडासमोर ताट धरून कडेच्या फटीतून श्वास घ्या बरं." तर म्हणतो, "पण लाईट लय भारी दिसतोय, मॅडम. गेमिंगसाठी न्हेताय ना?" "नकाशांसाठी." "नकाशे? मंग मोबाईल पुरंल की!"

नंतर त्यानं प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, थंड ठेवायला पाण्यावर चालणारा कूलर दाखवला. त्यात दोन नळ्या असतात, एक छोटा पंप असतो, आणि पाणी उष्णता उचलून पंख्यांपाशी नेऊन टाकतं. वहिनीनं लगेच विचारलं, "पाणी कवा बदलायचं?" "बदलायचं नसतंय ताई, सीलबंद हाय." "मंग बरं. डास तरी व्हनार न्हाईत." ती वस्तू वाईट नव्हती, पण मला ती नको होती. पंप गेला तर आपल्याकडे तो कोण बघणार? मला साधा हवेवरचा कूलर हवा होता, तांब्याच्या नळ्या आणि पातळ पत्र्यांची चळत असलेला, त्याला एक पंखा. पंखा बिघडला तर इंदापुरातही दुसरा मिळतो, आणि तो मिळेपर्यंत मशीन हळू का होईना चालवता येतं. आणि कॅबिनेट हवं होतं पुढून पूर्ण जाळीचं. जाळीच्या मागे धुता येईल अशी बारीक गाळणी, पुढे हवा आत घेणारे दोन मोठे पंखे, मागे बाहेर टाकणारा एकच. आत येणारी हवा जास्त असली की डब्याच्या पोटात थोडा दाब राहतो. मग बारीकसारीक फटींतून धूळ आत शिरत नाही, उलट फटींतून हवाच बाहेर येते. हे मी इतकं वाचलं होतं, इतक्या वेळा वहीत आखून बघितलं होतं, की दुकानदाराला सांगताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही. त्यानं मागच्या फळीवरून एक साधं काळं कॅबिनेट काढलं आणि फुंकर मारून धूळ उडवली. "हे कुणी नेत न्हाय." मी म्हटलं, "मी नेते."

एसटीत वहिनी खोकं मांडीवर घेऊन बसली होती. काझडच्या पुढे गेल्यावर म्हणाली, "वन्सं, एक इचारू? जाळी म्हंजे राख आत जानार की. आमच्यात गाळप सुरू झालं की दोरीवरचं धुनं काळं हुतंय. काचंचं घेतलं असतं तर निदान बंद तरी ऱ्हायलं असतं." तिचा प्रश्न खरा होता. कारखान्याच्या धुराड्यातली ती काळी, हलकी काजळी आपल्या वाडीपर्यंत येते. "म्हणून तर गाळणी," मी म्हटलं. "बंद ठेवलं तर आतल्या आत शिजेल." आणि 'शिजेल' हा शब्द तोंडातून गेल्यावर मला तुझी शेड दिसली.

मी चौथीत आहे. शाळेच्या मागे तुझी पत्र्याची शेड, तिला एकच दार, आणि ते तू आतून नुसतं ओढून घेतलेलं. मधली सुट्टी व्हायची आहे. मी पाणी प्यायला म्हणून वर्गातून निघते आणि तुझं दार ढकलून सताड उघडते, तुला वारं लागावं म्हणून. तू मोठ्या पातेल्यावर वाकलेली आहेस, पदर नाकावर बांधलेला, पोलकं पाठीला चिकटलेलं. कारखान्याच्या बाजूनं वारा सुटलेला असतो. बाहेरची काजळी आत येते, चुलीतली राख उठते आणि सगळी जाऊन खिचडीवर बसते. तू उलथनं हातात घेऊनच वळतेस. "वारं पायजे म्हनून पोरांस्नी राख चारू व्हय गं?" मी दाराला धरून उभी. तू वरचा थर उलथन्यानं अलगद काढतेस, तो तुझ्या स्वतःच्या ताटलीत घेतेस, आणि दार पुन्हा लावून घेतेस. मला बाहेर ठेवून.

बरीच वर्षं मला वाटायचं की तू म्हणालीस तेच खरं. वारं हवं तर राख सोसा, राख नको तर उकडून घ्या. आता मला ते पटत नाही, आई, आणि तुला तसं सांगताना मला संकोच वाटत नाही. दार उघडं किंवा दार बंद, एवढे दोनच मार्ग कधीच नव्हते. दाराला एक बारीक जाळी आणि वर पत्र्यापाशी एक झरोका, इतकं पुरलं असतं. पण ते हेडमास्तरांच्या मनात आलं नाही, सरपंचांच्या नाही, तात्यांच्या नाही. तुझ्याही नाही. शेडमध्ये बाई उभी आहे आणि तिला गरम होतंय, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. तुझी छाती भरत गेली. मी दहावीत असताना तू गेलीस. कशानं, ते डॉक्टर स्पष्ट बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. एका यंत्राला नीट श्वास घेता यावा म्हणून मी बारामतीतली दुकानं पालथी घातली आणि त्या एसटीत मला तुझं दार आठवलं. ह्यावरून मी कुणाला बोल लावत नाही. पण विसरणारही नाही.

मशीन आम्ही दोघींनी जुळवलं. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, स्क्रू वाट्यांतून ठेवले. वहिनीचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत. तिनं बारीक वायरी अशा बसवल्या की जणू बाळाच्या कानात डूल घालतेय. प्रोसेसरवर कूलर बसवायच्या आधी एक करडी पेस्ट लावतात, दोन धातूंच्या मध्ये हवा राहू नये म्हणून. ती बघून वहिनी म्हणाली, "ही तर मेंदीच की. कोन आणू का?" तात्या दारात खुर्ची टाकून बसले होते, तोंडात काडी, डोळे आमच्यावर. मदत करायची नाही आणि नजरही हटवायची नाही, असा त्यांचा बेत होता.

इथे तुला त्या टेबलफॅनची गोष्ट सांगावी लागेल. दहावीचं वर्ष लागायच्या आधी तू तो माझ्यासाठी आणलास. तात्या म्हणाले, "शेडमधी तूच ने की." तू म्हणालीस, "चुलीम्होरं पंका लावून जाळ इझवू का? पोरगी शिकतीया, तिला असू द्या." आणि मी त्याच्या बुडावरचं प्लॅस्टिक नखानं सोलायला लागले तर माझ्या हातावर चापट मारलीस. "काढू नगंस. नवं ऱ्हातंय." आपल्या घरात कुठल्याच वस्तूचं प्लॅस्टिक कधी निघालं नाही. रिमोट पिशवीत, घड्याळाच्या काचेवर पापुद्रा, खुर्च्यांच्या हातांवर फाटेपर्यंत पन्नी. घरात नवी वस्तू क्वचित यायची, म्हणून ती नवी आहे हे शक्य तितके दिवस टिकवायचं, हे तुझं तत्त्व होतं. तू गेल्यावर आम्ही ते धर्मासारखं पाळलं.

सगळं जुळल्यावर मशीन चालू केलं. स्क्रीन पहिल्या झटक्यात उजळली. वहिनीनं सगळ्यांच्या तळहातावर साखर ठेवली. मी आपल्याच शिवाराचे फोटो घातले आणि जोडायचं काम सुरू केलं. पंखे घुमायला लागले. तात्यांच्या हातातला चहा निवायच्या आत मशीन पटकन बंद पडलं.

"झालं?" तात्या म्हणाले. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. तात्या कप खाली ठेवत म्हणाले, "असू दे. पुन्यात काय, सगळीकडं एशी असतोय." ते टोचून बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्यांचा आवाज मऊ होता. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, आणि थोडं सुटल्यासारखंही. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले, मग पुन्हा चालू करून तापमानाचा आकडा बघत राहिले. तो चढत गेला नाही, त्यानं उडीच मारली. खोलीच्या उष्णतेनं मशीन तापतं तेव्हा आकडा हळूहळू चढतो, कारण आधी डब्यातली हवा तापावी लागते. इथे कॅबिनेटमधली हवा तर गारच होती. कूलरच्या पत्र्यांना हात लावला, तेही गार. म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचतच नव्हती. दोघांच्या मध्ये काहीतरी होतं. "तात्या, हे उन्हामुळं नाही," मी म्हटलं. "खोला, वहिनी."

स्क्रू काढून कूलर उचलला आणि उलटा केला. त्याच्या तांब्याच्या बुडावर, पेस्टच्या खाली, एक पारदर्शक पन्नी होती. कोपऱ्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलंही होतं की बसवण्याआधी हे काढा. मी ती वस्तू हातात घेऊन चारही बाजूंनी बघितली होती आणि पन्नी मला दिसलीच नव्हती. आपल्या घरात वाढलेल्या डोळ्यांना प्लॅस्टिक हा वस्तूचाच भाग वाटतो. मी काही बोलणार तेवढ्यात तात्या खुर्चीवरून म्हणाले, "तो कागद व्हय? तो मी मगाशीच बघितला व्हता."

"बघितला होता? मग बोलला का नाही?"

"मला वाटलं, नवं हाय, ठिवला आसंल तसाच. तुजी आई न्हाय का काडू देत."

वहिनी आधी हसली. ती सतरंजीवर आडवीच झाली. "सासूबाई जाऊन इतकी वर्सं झाली, अजून त्यांच्या परवानगीबिगर पन्नी निघंना!" मग मी हसले, आणि शेवटी तात्याही, काडी तोंडातून काढून. आई, मी ती पन्नी सोलली. सोलताना तिचा जो आवाज झाला तो आपल्या घरात पहिल्यांदाच ऐकू आला असेल. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, कूलर पुन्हा बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा झाल्यावर काम सुरू केलं. तात्या म्हणाले, कालचा दिवस धरायचा न्हाय, कालची चूक डब्याची नव्हती; आणि हे त्यांनी स्वतःहून म्हटलं, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते. अकराच्या सुमाराला पत्रा कडकडायला लागला. दुपारी तर खोलीत उभं राहवेना. वहिनी सुपानं वारा घेत होती, तात्या बनियनवर, आणि कोपऱ्यात ते काळं कॅबिनेट एका सुरात घुमत होतं. आकडा चढला, एका जागी आला आणि तिथेच राहिला. मी दर थोड्या वेळानं बघत होते, पण भीतीनं नाही. आपण बांधलेली भिंत उभी आहे ना, हे जाता-येता बघावं, तसं. तात्या उठले, मागच्या पंख्यापाशी गेले आणि तळहात धरला.

"लय गरम येतंय की गं."

"यायलाच पाहिजे, तात्या. आत राहिलं असतं तर बंद पडलं असतं."

ते बराच वेळ हात तसाच धरून उभे होते. तुला शेडमधून घरी न्यायला ते यायचे, तेव्हा तू दार उघडलंस की आतली धग त्यांच्या तोंडावर यायची. त्यांना तेच आठवलं का, हे मी विचारलं नाही.

सूर्य कलला तेव्हा नकाशा पूर्ण झाला. मशीन एकदाही थांबलं नव्हतं. मी स्क्रीनवर आपला तुकडा मोठा केला. ओढ्याकडची चोपण तात्यांनी लगेच ओळखली. मग त्यांनी विहिरीच्या वरच्या अंगाला बोट ठेवलं. तिथे ऊस हिरवागार दिसतो, पण नकाशात एक पिवळट पट्टा वर सरकत आलेला होता. "हे काय?" मी सांगितलं, चोपण इकडेही सरकतेय. त्यांनी बोटानं तो पट्टा खालून वर मोजला. नंतर म्हणाले, "शेजारच्याला दावू नकु इतक्यात. आधी आपला चर काडू." त्यांना वाटलं मी रागावेन. मी म्हटलं, पौर्णिमेला विहारात सगळे जमतील तेव्हा पांढऱ्या भिंतीवर सगळ्यांनाच दाखवणार आहे, तुमच्याकडे तेवढेच दिवस आहेत. वहिनीनं गाळणी काढून मोरीत धुतली. पाणी काळपट निघालं. ती ते बघत राहिली. "वन्सं, हे एवडं रोज आपल्या छातीत जातंय व्हय?" मी नळ जरा मोठा सोडला.

रात्री जेवताना तात्यांनी विचारलं, "मंग पुन्याला काय सांगनार?" मी म्हटलं, "येत नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "शब्द म्हंजे शब्द. चाललंय तुजं मशीन. ऱ्हा." आणि मग, ताट सरकवताना, "तुज्या आईला पटलं नसतं." मला तसं वाटत नाही, पण त्यावर मी वाद घातला नाही.

हे मी त्याच मशीनवर लिहिते आहे. मागे दुसऱ्या गावचं शिवार जोडलं जातंय. लिहून झालं की हे कुठे छापणार नाही, कुणाला वाचून दाखवणार नाही, वहिनीलाही नाही. कारण एक गोष्ट ह्यात आहे जी घरात कुणालाच माहीत नाही. पुण्याला नकार मी नकाशा पूर्ण झाल्यावर कळवला नाही. तो आदल्या दुपारी कळवला, मशीन दुसऱ्यांदा बंद पडल्यावर, तोंडावर पाणी मारायला बाहेर गेले तेव्हा. आत काय बिघडलंय ते मला तेव्हा माहीतही नव्हतं. तात्यांना दिलेला शब्द मी मोडलेला होता. नंतर मशीन चाललं, म्हणून तो मोडलेला कुणाला दिसला नाही एवढंच. तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की पोरगी शब्दाची पक्की, वैशाखाच्या परीक्षेत पास झाली म्हणूनच राहिली. मी ते दुरुस्त करत नाही.